काळी पाचचा बोकड

टायपिंगच्या बाईंना माणसं चेहऱ्यावरून लक्षात राहत नसत, बोटांवरून राहत. बाजारात एखादा टक्कल पडलेला गृहस्थ समोर येऊन हसायचा, बाई त्याच्याकडे कोऱ्या नजरेनं बघायच्या. मग त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली की बाई म्हणायच्या, "अरे, तू होय! करंगळी अजून आखडूनच धरतोस?" आणि पन्नाशीचा तो माणूस करंगळी सरळ करायचा.

एकतीस वर्षं त्यांनी वाण्याच्या दुकानावरच्या खोलीत बारा यंत्रांचा क्लास चालवला. अर्ध्या गावाची बोटं त्यांच्या हाताखालून गेली. पुढे घरोघरी संगणक आले, लोक दोन बोटांनी टाइप करून नोकऱ्या मिळवू लागले, आणि बाईंनी क्लासला कुलूप लावलं. दुसऱ्याच आठवड्यात त्या वकीलसाहेबांकडे कामाला लागल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार. वकीलसाहेब खोलीत फेऱ्या मारत दावे-अर्ज तोंडी सांगणार, बाई ते थेट संगणकावर उतरवणार. चाळीस पानांत एक चूक सापडली तर बाई दोन दिवस कुणाशी नीट बोलत नसत.

हे काम त्यांनी सोडावं असं त्यांच्या मुलाला वाटे. तो विमा कंपनीत होता, त्यामुळे त्याला जिकडेतिकडे अपघातच दिसत.

"आई, वकिलांचा जिना तीन मजल्यांचा आहे. कठडा हलतो."

"मी कठड्याला धरतच नाही."

"तेच तर म्हणतोय मी!"

जिन्याचं निमित्त बाई सहज परतवत. पण एके दिवशी मुलानं त्यांना बरणीचं झाकण डाव्या हातानं उघडताना पाहिलं, आणि त्याचा आवाज बदलला. "उजव्या हाताला काय झालंय?"

उजव्या हाताला झालं होतं ते असं, की करंगळीशेजारचं बोट गेल्या वर्षभरात हट्टी झालं होतं. सकाळी ते वाकायचं नाही आणि वाकलं की उठायचं नाही. बाकीची नऊ बोटं आपापल्या कामाला निघून जायची आणि हे मागे रेंगाळायचं. बाईंनी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. टायपिंगच्या बाईंचं बोट गेलं हे गावाला कळणं म्हणजे गवयाचा गळा गेला असं दवंडी पिटून सांगणं.

"काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या बोटांवर शंका असेल तर बोकड्याला विचार."

बोकड्या हा त्या घरातला सगळ्यांत जुना रहिवासी. मुलाच्या लहानपणी घरात टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र आलं होतं, त्यातला हा बोकड. दाढीवाला, डोंगरावर उड्या मारत चढणारा. वरून दगड गडगडत येतात, ते चुकवायचे, एकेक खडक गाठायचा. मुलगा शाळेत गेला की बाई तासभर बोकड्या चढवायच्या आणि तो आला की यंत्र झाकून ठेवायच्या. मुलाची हौस फिटली, यंत्र जळलं, बाईंची हौस काही फिटली नाही. म्हणून सुनेनं, जी एका कॉलेजातले संगणक सांभाळायची, घरच्या जुन्या संगणकावर एक प्रोग्राम बसवून दिला. हा प्रोग्राम त्या जळलेल्या यंत्राचं हुबेहूब सोंग घ्यायचा, आणि बोकड्याला वाटायचं आपण आपल्या जुन्या घरीच आहोत. त्याचं खरं नाव एम्युलेटर. बाई त्याला सोंगाड्या म्हणत.

दर रविवारी दुपारी विहीणबाई, म्हणजे सुनेची आई, चार गल्ल्या ओलांडून यायच्या आणि दोघी विहिणी बोकड्या खेळायच्या. विहीणबाई शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या. डोळ्यांनी अधू, कानांनी तिखट. गेल्या सहा महिन्यांत त्या एकदाही जिंकल्या नव्हत्या.

"बरं," मुलगा म्हणाला, "ठरलं मग. ज्या रविवारी सासूबाई तुला हरवतील, त्याच्या दुसऱ्या दिवशी तू वकिलांना सांगायचंस की आता येणार नाही. कबूल?"

"कबूल," बाई म्हणाल्या. सहा महिन्यांचा हिशेब त्यांच्या बाजूनं होता.

"मला न विचारता माझ्या खांद्यावर बंदूक ठेवता होय?" रविवारी हे कळल्यावर विहीणबाई म्हणाल्या. पण त्या हसत होत्या, त्यामुळे ते कुणी मनावर घेतलं नाही.

आणि नेमकं त्याच आठवड्यात सुनेला सुबुद्धी सुचली.

"आई, हा खेळ इतका मंद का चालतो तुमचा?" ती संगणकापुढे बसत म्हणाली. त्या घरात दोन आया होत्या आणि दोघींना हाक एकच. 'तुमचा' म्हटलं की सासू, 'तुझा' म्हटलं की आई, एवढ्यावर सगळा कारभार चाले. "शंभरच्या जागी चौऱ्याऐंशी टक्के वेगानं चाललाय. आपल्या मशीनला चार मेंदू आहेत, आणि हा सोंगाड्या सगळं एकाच मेंदूकडून करून घेतोय. बाकीचे तिघं बसून आहेत."

"कुठल्याही ऑफिसात असंच असतं," बाई म्हणाल्या.

सुनेनं सेटिंगचं पान उघडलं. 'एकाहून अधिक धागे वापरा', म्हणजे धाग्यागणिक एक मेंदू कामाला लावा, अशी एक ओळ होती, तिच्यापुढे रिकामा चौकोन. तिनं त्यात खूण केली आणि आकडा चार केला. बोकड्या उचकी लागल्यासारखा धक्के खात चढू लागला.

"हे काय गं? बिघडवलास ना!"

"चार जास्त झाले. एकमेकांची वाट बघत बसतायत. चौघांनी मिळून एकच ओळ टाइप करायची म्हटली तर कसं होईल?"

"मारामारी होईल."

"म्हणून दोनच ठेवू. एक खेळाचं गणित करेल, दुसरा चित्र रंगवेल." तिनं आकडा दोन केला, आणि बोकड्या लोण्यावरून घसरावा तसा वर गेला. कोपऱ्यातला आकडा शंभरवर स्थिर झाला. "बघा! आता खरा वेग. लहानपणी ह्यांच्या यंत्रावर होता तसा."

बाईंनी तिला शाबासकी दिली. सून कामावर गेली, बाई खुर्चीवर बसल्या आणि नवव्या खडकावर मेल्या. परत खेळल्या, अकराव्यावर मेल्या. उजवीकडे उडी मारायची कळ त्या हट्टी बोटाखाली होती. दगड दिसत होता, बोटाला निरोप जात होता, आणि बोट निरोप वाचून होईपर्यंत बोकड्या दरीत. गेले सहा महिने आपण चाळीस-चाळीस खडक चढत होतो ते आपल्या बोटांच्या जोरावर नाही, सोंगाड्याच्या आळसावर, हे त्यांच्या लक्षात आलं.

मग त्यांनी चष्मा पुसला, सेटिंगचं पान स्वतः उघडलं आणि ती खूण काढली. बोकड्या पुन्हा शहाण्यासारखा चालू लागला. खूण केली, धावला. काढली, चालला. बाईंनी हे सहा वेळा करून पाहिलं. क्लासमध्ये मुली परीक्षेच्या आधी घड्याळ मागे सरकवायच्या, त्यांना त्यांनी उन्हात उभं केलं होतं. त्या मुलींची आठवण त्यांना आली, पण थोडीच.

रविवारची रीत अशी बसली. पाहुण्यांचा मान म्हणून पहिला डाव विहीणबाईंचा, पूर्ण वेगात. त्या पंधरा-सोळा खडकांवर आटोपायच्या. मग बाई म्हणायच्या, "विहीणबाई, तेवढं चहाचं आधण बघता का? माझे हात गुंतलेत." विहीणबाई स्वयंपाकघरात गेल्या की खूण काढायची, खेळ नव्यानं सुरू करायचा. कोपऱ्यातला वेगाचा आकडा तर बाईंनी 'डोळ्यांत खुपतो' म्हणून सुनेकडूनच बंद करून घेतला होता. चहा येईपर्यंत बाई विसाव्या खडकावर असत. मग मुलगा वर्तमानपत्रातून डोकं वर काढून सोफ्यावरून पाहायचा आणि मान हलवायचा. "कमाल आहे हं आई तुझी."

"एकतीस वर्षं काय मी झोपा काढल्या?"

सोमवारी सून संगणक उघडायची आणि चक्रावायची. "आई, ही खूण पुन्हा गेली. कोण काढतं?"

"मांजर चढत असेल."

"आपल्याकडे मांजर नाहीये."

"शेजाऱ्यांचं."

सून एक भुवई वर करून बघायची. असे सात रविवार गेले.

आठव्या रविवारी सगळे जमले, विहीणबाई खुर्चीवर बसल्या, आणि सून हात पुसत बाहेर आली. "आई, तुमचं मांजर आता काही करू शकणार नाही. मी सोंगाड्याची नवी आवृत्ती टाकलीये. आता तो दोन धाग्यांवरच सुरू होतो. खूण आता माझ्या पासवर्डशिवाय निघत नाही."

"छान केलंस," बाई म्हणाल्या. मांडीवर ठेवलेला उजवा हात त्यांनी डाव्या हातानं झाकला. आज सगळ्यांदेखत नवव्या खडकावरून दरीत, आणि उद्या वकीलसाहेबांच्या दारात, 'येते मी' म्हणायला.

विहीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे वळून खेळ सुरू केला. बोकड्याचं गाणं वाजू लागलं, तेच जुनं टुणटुणणारं गाणं. चार सूर झाले असतील नसतील, विहीणबाईंनी हात वर केला.

"बंद कर. हे गाणं चुकीचं वाजतंय."

"चुकीचं कसं? तुझ्या डावाला दर रविवारी असंच वाजतं की," सून म्हणाली.

"म्हणूनच मी हरते. सात रविवार सहन केलं, आज नाही करणार. हे काळी पाचमध्ये वाजतंय. मूळ गाणं पांढरी पाचचं आहे. तीन स्वर वर गेलंय. कान किटले माझे."

"पेटीच्या पट्ट्यांचं इथे काय?" मुलगा म्हणाला. "गाणं वर-खाली झालं तर बोकडाला काय फरक पडतो?"

"जावईबापू, तुम्ही विम्याबद्दल बोलता तेव्हा मी मध्ये बोलते का?"

चाळीस वर्षं शाळेतल्या बेसूर पोरांना सुरात आणलेल्या बाईंच्या कानावर शंका कोण घेणार? सुनेनं पासवर्ड घातला आणि आकडा दोनाचा एक केला. गाणं जड झालं, खाली उतरलं.

"हां!" विहीणबाईंनी डोळे मिटले. "आता कसं सुरात आलं."

सुनेनं गाण्याकडे कान दिला, बोकड्याकडे पाहिलं, मग सासूकडे. तिची ती एक भुवई पुन्हा वर गेली आणि या वेळी दुसरीही. "मी जरा नीट तपासते," ती म्हणाली. "पाच मिनिटं लागतील."

"तोवर चहाचं बघू," विहीणबाई म्हणाल्या आणि बाईंच्या दंडाला धरून त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेल्या.

दार लोटलं गेल्यावर बाई म्हणाल्या, "गाणं खरंच चुकत होतं?"

"छे! बरोबर होतं. पहिल्यांदाच खोटं बोलले आयुष्यात सुराबद्दल. घाम फुटला मला." विहीणबाईंनी पदरानं मान पुसली. "तुमच्या डावाला गाणं उतरतं आणि माझ्या डावाला चढतं, हे मी पहिल्या रविवारपासून ऐकतेय. आधण बघायला पाठवता, पण कान इथेच असतात ना माझे."

बाईंच्या कानशिलांपर्यंत ऊब चढली. "मग बोलला का नाहीत?"

"बोटाचं कळलं होतं. कप धरताना बघितलं." विहीणबाईंनी गॅस पेटवला. "अहो, मी शाळेत होते तेव्हा काळी चारमध्ये गायचे. आता पांढरी तीनवर आलेय. वय झालं की पट्टी उतरवायची असते. मला कुणी म्हटलं नाही की तुम्ही लबाडी करता, गाणं सोडा."

"पण मी ती फक्त माझ्यापुरती उतरवली."

"तेवढी मात्र चोरी झाली," विहीणबाई शांतपणे म्हणाल्या. "आज दोघींची एकच पट्टी. आणि काळजी करू नका, मी हरते. मला त्याची सवय आहे."

बाहेर आल्यावर विहीणबाई पुन्हा खुर्चीवर बसल्या. हरायचं ठरवून आलेल्या माणसाचा चेहरा कसा निवांत असतो, तसा त्यांचा होता. पण झालं असं, की गेले दोन महिने ज्या दगडांनी त्यांना दिसायच्या आत चिरडलं होतं, ते दगड आज टप्प्याटप्प्यानं, विलंबित तालात येऊ लागले. विहीणबाई पायानं ठेका धरू लागल्या. दगड समेवर पडतात हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. वीस झाले, तीस झाले. सून म्हणाली, "आई, तुझा चहा गार होतोय," तर त्यांना ऐकूच आलं नाही. चौतीस, सदतीस, एकोणचाळीस. चाळिसाव्याला बोकड्या पडला तेव्हा त्या टाळी देण्यासाठी उजळलेल्या चेहऱ्यानं वळल्या, बाईंना पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अगं बाई! विसरलेच मी."

"काय विसरलात?" मुलानं विचारलं.

"चहा," विहीणबाई म्हणाल्या.

मग बाई बसल्या. त्यांनी पाठ ताठ केली, मनगटं उचलून धरली, क्लासमध्ये शिकवायच्या तशी. इतक्या एकाग्रतेनं त्या कित्येक वर्षांत खेळल्या नव्हत्या. घरात बोकड्याच्या गाण्याशिवाय आवाज नव्हता. पस्तीस. सदतीस. हट्टी बोट आज जमेल तेवढं इमानानं वागत होतं. अडतिसाव्या खडकावर दोन दगड एकदम आले, एक डावीकडून, एक उजवीकडून. डावीकडचा त्यांनी चुकवला.

मुलानं हळूच गाण्याचा आवाज बंद केला. विहीणबाई रडवेल्या झाल्या. सून म्हणाली, "एका खेळावर काय ठरवायचं, अहो?"

"ठरलं ते ठरलं," बाई म्हणाल्या आणि कपबशा उचलून आत गेल्या. चोरून सात वेळा जिंकलेला माणूस सरळ एकदा हरल्यावर तक्रार कुठल्या तोंडानं करणार?

सोमवारी त्या तीन मजले चढल्या, कठड्याला न धरता. वकीलसाहेब फाइल उघडून बसलेच होते. "बसा बाई, मोठा अर्ज आहे."

"साहेब, त्याआधी मला एक सांगायचंय. मी काम सोडतेय." आणि कारण विचारल्यावर बाईंनी पैजेपासून मांजरापर्यंत सगळं सांगितलं. धागे, खूण, काळी पाच, पांढरी पाच, बोट.

"मांजराचं मी ऐकलं नाही," वकीलसाहेब म्हणाले. "तसलं वकिलासमोर बोलू नये. पुढे?"

"पुढे काही नाही. बोट चालत नाही. तुम्ही पूर्वीसारखं भराभर सांगायला लागलात तर माझ्यानं..." बाई थांबल्या. वकीलसाहेबांनी चष्मा काढला होता आणि ते तो पुसत होते. चष्मा लख्ख होता. वर्षभर ते असंच करत होते. एक वाक्य झालं की चष्मा, दुसरं झालं की खिडकीशी जाऊन उभं राहणं, तिसऱ्याला खोकला. एके काळी हे गृहस्थ नळ फुटल्यासारखे बोलायचे. बाईंना वाटलं होतं बिचारे थकले, आणि घरी त्यांनी तसं हळहळून सांगितलंही होतं.

"साहेब, तुम्ही मुद्दाम सावकाश सांगता?"

"वर्ष होत आलं. तुम्हाला आत्ता कळलं?"

"आणि मला का सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आजचं भाषण वर्षापूर्वीच दिलं असतं." त्यांनी चष्मा चढवला. "आणि फायदा माझाच झाला. पूर्वी मी वाक्य सुरू करायचो आणि क्रियापद सापडायच्या आत दुसरं सुरू करायचो. आता चष्मा पुसता पुसता क्रियापद सापडतं. परवा न्यायाधीश म्हणाले, तुमचे अर्ज अलीकडे समजतात. बावीस वर्षांत पहिल्यांदा. आता मला सांगा, ही जी पैज लागली, तिच्यात बोकडाचा वेग ठरला होता?"

"नाही."

"पैज लागली तेव्हा तो कुठल्या वेगानं चालत होता?"

"चौऱ्याऐंशी टक्के. मग वाढवला. माझ्यापुरता उतरवला. मग दोघींचा उतरवला."

"म्हणजे पैज चालू असताना तीनदा अटी बदलल्या, आणि दुसऱ्या पक्षाला, म्हणजे तुमच्या चिरंजीवांना, त्याची सूचना नाही." वकीलसाहेब खुर्चीतून उठले आणि त्यांनी हात पाठीमागे बांधले. फेऱ्या सुरू होण्याची ती खूण होती. "अर्ज राहू द्या. आधी हे घ्या. कोरा कागद. वर माझं नाव, पत्ता. घेतलं? प्रति, विमा कंपनीत नोकरीस असलेले आपले चिरंजीव."

"साहेब!"

"घ्या हो. आमच्या अशील, राहणार आपल्याच घरी, यांच्या सूचनेवरून आपणांस या नोटिशीद्वारे कळविण्यात येते की, सदर पैज लावतेसमयी बोकडाचा वेग, धाग्यांची संख्या तसेच गाण्याची पट्टी यांचा कोणताही उल्लेख उभय पक्षांनी केलेला नव्हता."

बाईंची नऊ बोटं निघाली आणि दहावं मागोमाग. 'उभय'पाशी ते जरा अडलं, मग आलं.

"सबब सदर पैज संदिग्ध असून ती आमच्या अशिलांवर बंधनकारक नाही. तरीही केवळ कौटुंबिक सलोख्यापोटी आमच्या अशील येत्या रविवारी फेरसामना खेळण्यास तयार आहेत. तोवर त्या सोमवार, बुधवार, शुक्रवार कामावर येतील. आपण त्यांना जिन्याबद्दल बोलू नये." ते थांबले आणि त्यांचा हात चष्म्याकडे गेला.

"नका पुसू, पोचलेय मी तुमच्यापर्यंत," बाई म्हणाल्या. त्यांनी मजकूर वरपासून खालपर्यंत वाचला. चूक नव्हती. एका ठिकाणी मात्र त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी 'बोलू नये' खोडलं, 'चकार शब्द काढू नये' केलं, आणि विचारलं, "किती प्रती काढू?"

"दोन. एक चिरंजीवांना, एक फाइलला."

"तीन काढते," बाई म्हणाल्या. "विहीणबाईंना एक हवीच. या वेळी हरायचं विसरू नका, असं खाली हातानं लिहिणार आहे मी."